क्रीम हुंगण्याचा हिवाळा

पौषातलं कोरडं वारं सुटलं की माझ्या हातांची कातडी ओढायला लागते. धाराशिवात राहायला येऊन आम्हाला पुष्कळ वर्षं झाली. दारात कुंड्या आहेत, मागं बदामाचं झाड आहे. वारं मात्र तेच, लहानपणी आमच्या गावी, मुरूमला यायचं ते. सकाळी ओठांवरून जीभ फिरवली की खारट लागतं आणि टाचांच्या भेगा चादरीच्या दोऱ्यांत अडकतात. परवा सूनबाईनं थंडीतल्या क्रीमची नवी डबी आणली. झाकण उघडून माझ्या नाकापाशी धरली आणि म्हणाली, "आई, कसाय वास?"

साधा प्रश्न. वास मला आला होता, आवडलाही होता. तरी मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिला काय वाटतंय ते आधी कळावं, मग आपण बोलावं, असं. "तुला कसा वाटतोय?" मी विचारलं. ती हसली. "तुम्ही ना, आई, कधीच आधी सांगत नाही."

खरं आहे. ही सवय मला एका हिवाळ्यानं लावली.

त्या साली दुष्काळ होता. म्हातारी माणसं बहात्तर सालाशी ताडून बघायची आणि 'तवा निदान विहिरींना पाणी हुतं' म्हणायची. आमच्याकडं येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात कडब्याची खोपटासारखी कोप करतात, भज्जी-भाकरी आणि आंबिलीचा माठ घेऊन सगळं गाव रानात जातं. त्या येळवशीला रानात ज्वारीच नव्हती. बायकांनी घरातल्या कोपऱ्यात चार वाळकी ताटं उभी केली आणि त्यांनाच हात जोडले. माझी माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी ती चुलीपुढं हात धरायची तेव्हा तळव्याच्या भेगांत पांढरी धूळ भरलेली दिसायची. धुवायला पाणी नसायचं. ती पदरानं हात पुसायची आणि त्याच हातांनी भाकरी थापायची.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. दादा म्हणजे माझे वडील जवळच्या खेड्यात प्राथमिक शाळेवर मास्तर होते. आमचं घर भीमनगरात. तिथं एक दिवस विमलताई आल्या.

विमलताईंना मुरुमात सगळे ओळखायचे. त्यांचे यजमान लवकर गेले होते. त्यानंतर त्यांनी शिवणाचे वर्ग काढले, बायकांची सहकारी संस्था काढली. पांढरं सुती लुगडं, हातात काळी छत्री, आणि आवाज असा की चावडीवरची माणसं बिडी विझवायची. टँकरवाला आमच्या वस्तीकडं सगळ्यांत शेवटी, तळाचं गढूळ पाणी घेऊन यायचा. विमलताई एकदा त्या टँकरपुढं आडव्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून टँकर आधी आमच्याकडं यायला लागला. आमच्या घरी आल्या तेव्हा त्या बाजेवर बसल्या, आमच्या कपातून चहा प्याल्या आणि दादांना म्हणाल्या, "मास्तर, करडीच्या तेलापासून थंडीचं क्रीम करतोय आम्ही. ते हुंगून, लावून बघायला माणसं पाहिजेत. तुमची सुमन द्या मला. हुशार आहे."

दादांनी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत पोरांना विमलताईंची गोष्ट सांगितली. माणसं अशी असतात, म्हणाले.

संस्थेची खोली तेलघाण्याच्या मागं होती. एका बाजूला शेगडीवर करडीचं तेल आणि मधमाशीचं मेण वितळायचं, दुसरीकडं टाकणखार घातलेलं गुलाबपाणी कोमट व्हायचं, आणि दोन्ही एकत्र करून घोटत राहिलं की पातेल्यात पिवळसर तेलाचं हळूहळू पांढरंशुभ्र लोणी व्हायचं. मला त्याचं फार नवल वाटायचं. बाहेर सगळं करपलेलं, धुळीनं भरलेलं, आणि आत हे पांढरं, मऊ.

पुण्याहून आठवड्याला एक केमिस्ट यायचे, करंदीकर साहेब. त्यांनी आम्हाला हुंगायला शिकवलं. "चांगलं-वाईट सांगायचं नाही," ते म्हणायचे. "काय वाटतं तेवढंच सांगायचं. लावताना कसं सरकतं, मुरल्यावर काय उरतं, हाताला हात चिकटतो का." मनगटाच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढं क्रीम लावायचं. एका वासावरून दुसऱ्या वासावर जाताना मधे आपल्याच पदराचा वास घ्यायचा, म्हणजे नाक कोरं होतं. वेगवेगळ्या रितीनं केलेलं क्रीम वेगवेगळ्या बरण्यांत असायचं आणि बरण्यांवर नुसते आकडे. कशात काय जास्त, काय कमी, ते साहेबांनाच ठाऊक. "नाव कळलं की नाक फसतं," असं त्यांचं म्हणणं.

बायका सुरुवातीला लाजल्या. मग अशा सुटल्या की विचारू नका. गौराबाई म्हणून एक वयस्कर बाई होत्या, त्या म्हणाल्या, "तोंडाला लोणी लावून मांजराची वाट बघत बसल्यागत वाटतंय." खोलीभर हसू. साहेबांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे ओशट." कुणाला क्रीम रवाळ लागायचं, कुणाला जड. माझ्या शेजारी महादेवी बसायची, किराणा दुकानदाराची मुलगी, माझ्याच वयाची. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि चिडली की दोन्ही. रोज सकाळी ती वेशीपाशी माझी वाट बघायची आणि आम्ही जोडीनं संस्थेत जायचो.

रांगेत बरणी फिरायची. प्रत्येक बाई बोट घालून घ्यायची आणि पुढं द्यायची. मी टोकाला बसायचे. माझ्यापुढं मात्र विमलताई तीन छोट्या डब्या आणून ठेवायच्या, बरण्यांवरचेच आकडे घातलेल्या. पहिल्याच दिवशी त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "सुमनचं नाक तिखट आहे. बरणी फिरत येईस्तोवर वास उडतो. तू आपली निवांत हुंग, पोरी." मला इतका अभिमान वाटला! घरी जाऊन मायला सांगितलं, मला स्वतःच्या डब्या आहेत म्हणून. माय चुलीत फुंकर घालत होती.

मग ते सुरू झालं. बाकीच्या म्हणायच्या, पहिल्यात गुलाब जास्त आहे, दुसरं हलकं आहे, तिसरं मेणचट. मला तिन्ही सारखीच लागायची. आणि तिन्हींतून एक वास यायचा, तळणाचं तेल आठवडाभर उघडं राहिल्यावर येतो तसा.

"खवट येतोय," मी म्हटलं.

"खवट?" गौराबाई म्हणाल्या. "गुलाबाचा घमघमाट सुटलाय की गं!"

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. करंदीकर साहेबांनी मला समोर बसवलं.

"सुमन, तुला तिन्हींत काहीच फरक वाटत नाही?"

"न्हाय, सर."

"आणि तिन्ही खवट?"

"थोडं थोडं."

त्यांनी पेन्सिलीनं कपाळ खाजवलं आणि विमलताईंना म्हणाले, "हिच्या नाकात दोष असावा. सगळ्यांचं जुळतं, हिचं एकटीचं जुळत नाही. हिला नका बसवू."

"राहू द्या, साहेब," विमलताई म्हणाल्या. "गुणी पोर आहे. शिकेल."

त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आज इतक्या वर्षांनी तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो. कारण मी दोषी नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि त्याच मला सांभाळून घेत होत्या.

घरी मी सारखं काहीतरी हुंगायला लागले. डाळ, उशी, दिव्याचं तेल. "माय, हे तेल खराब झालंय का गं?" मी विचारायचे आणि माय म्हणायची, "तुझं नाक कुठं गेलंय?" मला खरंच वाटायला लागलं की ते कुठंतरी गेलंय. जे आपल्याला येतं ते जगाला येत नसेल तर आपल्यातच खोट असणार. एके दिवशी मी बोट डबीत बुडवलं, नाकाशी नेलं आणि बोलायच्या आधी महादेवीचं तोंड बघितलं. तिचा चेहरा खुलला होता. "गुलाब," मी म्हटलं. "पहिल्यात जास्त." खवट वास नाकात तसाच होता. विमलताई टाळी वाजवून म्हणाल्या, "बघा, आलं की नाही पोरीला!" आणि सगळ्या हसल्या. मीपण हसले.

त्यानंतर एकदा विमलताई बैठकीसाठी उमरग्याला गेल्या. मांडामांड महादेवीवर आली. तिनं बरण्या काढल्या, कपाटापुढं वाकली आणि मागं न बघताच गौराबाईंना विचारलं, "आकी डब्बा एल्लद?"

तिचा डबा कुठाय. एवढं कन्नड मुरुमात कुणालाही कळतं.

"खालच्या खणात," गौराबाई म्हणाल्या. "फडक्यामागं."

कुणी आवाज खाली केला नाही. कुणी कुणाकडं चोरून बघितलं नाही. महादेवीनं फडक्यामागून वनस्पती तुपाचा एक जुना डबा काढला आणि चमच्यानं त्यातलंच क्रीम माझ्या तिन्ही डब्यांत भरलं. मग वळली, तर मी मागं उभी.

"महादेवी, तिन्हीत एकच भरलंस की तू."

"ताईनं असंच सांगितलंय."

"कवापासनं?"

ती गोंधळली. "पयल्यापासनं. पयल्या खेपेचं बिघडलेलं हाय ते." मग अगदी साधेपणानं तिनं विचारलं, "तुला ठावं न्हवतं? आमाला वाटलं, तुला ठावं हाय."

मी बरण्यांपाशी गेले. एकेका बरणीवर वाकून वास घेतला. पहिलीत गुलाब होता, भरपूर. दुसरी हलकी. तिसरीला मेणाचा वास. सगळं त्या म्हणायच्या तसंच होतं. आणि वाकताना माझे दोन्ही हात मी पाठीमागं धरले होते. मला कुणी धरायला सांगितले नव्हते. आपले ते मागं बांधलेले हात मला आजही दिसतात, आणि तेवढं एक मी कुणाला माफ करू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी विमलताईंना विचारलं, "ताई, माझा डबा येगळा का?"

त्यांनी दार लोटलं. मला खाली बसवलं, माझा हात आपल्या हातात घेतला. "मला काही वाटतं का तुमचं? मी तुमच्या घरी चहा पिते की नाही? पण या बायांचं काय करू? पहिल्याच दिवशी दोघी-तिघी म्हणाल्या, ती बोट घालणार असेल तर आम्ही तोंडाला लावायचो नाही. त्या उठून गेल्या असत्या तर संस्था मोडली असती. मग तू कुठं असतीस? खडीवर, आईसंगं. तुला आत घेता यावं म्हणून केलं मी हे, सुमन."

"मग नव्यातलं तरी भरायचं की माझ्या डबीत."

"बोट लागलेलं परत बरणीत घालता येत नाही गं. वाया जातं. या साली वाया घालवण्यासारखं काय आहे आपल्याकडं?"

"मग मला हुंगायला कशाला लावलं? साहेब म्हनले माझ्या नाकात दोष हाय. तवा बी तुमी बोलला न्हाय."

त्यांनी माझा हात सोडला नाही. नुसतं म्हणाल्या, "क्रीमच्या उद्घाटनापर्यंत कळ काढ."

करंदीकर साहेबांना मीच सांगितलं. वाटलं, ते रागावतील, निदान चकित होतील. ते म्हणाले, "अच्छा! म्हणून जुळत नव्हतं होय?" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. माझी सगळी मतं त्यांनी तिथल्या तिथं हिशेबातून काढून टाकली आणि पुढच्या बरणीकडं वळले. का, कशामुळं, काही विचारलं नाही.

उद्घाटनाला तेलघाण्याच्या अंगणात मांडव घातला होता. जिल्ह्याहून एक मोठे साहेब आले होते. दादा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बसले. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. सांगायला तोंडच उघडत नव्हतं. विमलताई भाषणाला उभ्या राहिल्या. दुष्काळाबद्दल बोलल्या, बायकांच्या हातांबद्दल बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "आमच्या संस्थेत जात नाही. सगळ्या थरांतल्या बाया एकाच बरणीत बोट घालतात. सुमन, इकडं ये."

मी गेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. टाळ्या वाजल्या. जिल्ह्याचे साहेब पुढं झुकून कौतुकानं म्हणाले, "मग? कसं आहे तुमचं क्रीम?"

मी आधी ठरवून काही आले नव्हते. "मला म्हाईत न्हाय, साहेब," मी म्हटलं. "मी ते कधी लावलंच न्हाय. माझा डबा येगळा हुता."

साहेबांनी घसा खाकरला आणि शेजारच्या माणसाला पुढचा कार्यक्रम काय आहे ते विचारलं. खांद्यावरचा हात निघाला नाही, नुसता जड झाला. मग कुणीतरी चहा आणा म्हणालं आणि खुर्च्या सरकल्या.

घरी जाताना दादा पुढं पुढं चालत होते. ओढा ओलांडल्यावर म्हणाले, "मी पोरांना तिची गोष्ट सांगितली हुती." एवढंच. माय कामावरून आली, तिला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "कपानं चहा पिली म्हणून तुमी दोघं भुललात. आमच्या कामावर वरून वंजळीत पानी वततात. तिथं निदान दिसतं तरी."

क्रीम काही दिवस उमरग्याच्या, सोलापूरच्या बाजारात गेलं. पुढच्या साली पाऊस झाला, बायका रानात परतल्या आणि संस्था आपोआप बसली. मी लातूरला नर्सिंगला गेले. वॉर्डात पट्टी सोडली की डॉक्टर विचारायचे, "सिस्टर, वास येतोय का?" आणि मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचे. एका पेशंटच्या पायाला वास येत असून मी थांबले, त्यांचा चेहरा कोरा होता म्हणून. मग कसाबसा धीर करून म्हटलं, येतोय. त्या रात्री खोलीवर येऊन खूप रडले. ज्या बायांनी बोट चालणार नाही असं सांगितलं त्यांचा मला फारसा राग नाही. त्यांनी माझं काही घेतलं नाही, त्या जशा होत्या तशा होत्या. महादेवीचाही नाही, ती पुढं बाजारात भेटली की तोंड चुकवायची नाही, उलट गळ्यात पडायची, आणि तिला आपण काही केलंय असं कधी वाटलंच नाही. राग आहे तो त्या टाळीचा. आपल्याला खरं आलेला वास मी खोटा ठरवला, तेव्हा वाजलेल्या टाळीचा.

विमलताई आमच्या घरी शेवटच्या आल्या त्या उद्घाटनानंतर थोड्या दिवसांनी, सकाळी. दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तेव्हा आल्या. चेहरा उतरलेला होता. मला म्हणाल्या, "सोमवारपासून ये. बरणीतलंच घे. त्यांना मी बघते."

दादांनी माझ्याकडं बघितलं.

"सगळ्यांपुढं सांगाल का, ताई?" मी विचारलं. "इतके दिवस काय केलं ते? माझं नाक बरोबर हुतं, एवढं तरी सांगाल?"

"आणखी काय पाहिजे तुला?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "तुझ्यासाठी मी टँकरवाल्याशी भांडले. त्या बायांचं ऐकून घेतलं. कोण कुठली मी, का केलं असतं मी हे? आणि तू भर मांडवात, परक्या माणसापुढं माझी अशी मान खाली घातलीस. मी विश्वास टाकला होता तुझ्यावर, सुमन. तू दगा दिलास मला."

त्या रडायला लागल्या. खरं रडणं होतं ते. नाटक असतं तर मला सोपं गेलं असतं. पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या हुंदके देत होत्या, आणि आमचं घर कावरंबावरं झालं. माय पाण्याचा तांब्या आणायला धावली. दादा "ताई, असं करू नका, पोर लहान आहे" म्हणत होते. मीसुद्धा त्यांच्याजवळ जाऊन बसले. फसवलं गेलं होतं कुणाला, आणि आम्ही तिघंही समजूत कुणाची काढत होतो.

बऱ्याच वेळानं त्या शांत झाल्या. डोळे पुसले, छत्री उचलली. मी येणार नाही म्हटलं, तर त्यांनी मान हलवली, जणू तेच ऐकायला आल्या होत्या. उंबऱ्याबाहेर पडताना वळून दादांना म्हणाल्या, "मास्तर, मनात काही ठेवू नका. मी पोरीला माफ केलंय."

आणि माझ्या दादांनी हात जोडले, आणि म्हणाले, "उपकार झाले, ताई."